विश्लेषण: शरीराचे डावे-उजवे कोणाच्या बाजूने मोजायचे? इरावती कर्वे, बर्लिनच्या १४९ कवट्या आणि प्रवरेकाठचे सांगाडे

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला प्रवरेचा उजवा कालवा कोणता आणि डावा कोणता हे समजावून सांगावे लागत नाही. दोन्ही कालवे संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापासून निघतात. बंधाऱ्यावर भंडारदऱ्याकडे तोंड करून उभे राहिले तर उजवा कालवा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. तरी त्याचे नाव बदलत नाही. नदी ज्या दिशेने वाहते त्या दिशेला तोंड केल्यावर उजवीकडे येईल तो उजवा, एवढाच नियम. मुळा धरणाच्या कालव्यांनाही तोच लागू आहे.

मानवी शरीररचनाशास्त्र म्हणजे अ‍ॅनाटॉमी हाच नियम शरीराला लावते. डावे-उजवे, वर-खाली, पुढे-मागे हे सगळे ज्याचे शरीर आहे त्याच्या बाजूने ठरते. पाहणारा कुठे उभा आहे याला महत्त्व नाही. लोणीत किंवा विळद घाटात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच काही तासांत हे शब्द पाठ करावे लागतात. प्रकरण कंटाळवाणे वाटते, परीक्षेत मात्र हमखास येते.

पण या रुक्ष शब्दांवर एकेकाळी मोठा वाद उभा होता, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी विद्यार्थिनी होती. मराठी वाचक तिला ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे म्हणून ओळखतात. त्यांची डॉक्टरेट मात्र महाभारतावर नव्हती. ती माणसाच्या कवटीच्या डाव्या आणि उजव्या बाजूंत किती फरक असतो, या विषयावर होती.

वैद्यकीय भाषेत दिशा कशा ठरतात?

आधी शरीर एका ठरावीक स्थितीत आहे असे धरून चालावे लागते. माणूस ताठ उभा, नजर समोर, पावले पुढे, हात शरीरालगत खाली सोडलेले आणि तळहात समोरच्या बाजूला. तळहाताची ही अट महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे अंगठा नेहमी बाहेरच्या बाजूला आणि करंगळी मांडीच्या बाजूला राहते. रुग्ण प्रत्यक्षात झोपलेला असो, पालथा असो की अपघातानंतर वेडावाकडा पडलेला असो, वर्णन या उभ्या स्थितीप्रमाणेच होते.

मग शब्द येतात. डोक्याच्या दिशेने ते सुपीरियर, पायांच्या दिशेने ते इन्फिरियर. छाती-पोटाची बाजू अँटिरियर, पाठीची बाजू पोस्टिरियर. शरीराच्या मधोमध वरून खाली एक काल्पनिक रेषा ओढली तर तिच्याजवळचे ते मीडियल आणि तिच्यापासून दूरचे ते लॅटरल. हातापायांसाठी आणखी एक जोडी आहे: धडाला जिथे हात किंवा पाय जोडलेला आहे त्या मुळाजवळचे प्रॉक्सिमल, टोकाकडचे डिस्टल. म्हणजे कोपर हे मनगटापेक्षा प्रॉक्सिमल आणि घोटा हा गुडघ्यापेक्षा डिस्टल.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर हे अक्ष जमिनीला बांधलेले नाहीत, शरीराला बांधलेले आहेत. विमान कलले, वळले तरी त्याचा डावा पंख डावाच राहतो, तसे. झोपलेल्या माणसाचे डोके जमिनीच्या हिशेबाने वर नसते, तरी अ‍ॅनाटॉमीच्या हिशेबाने ते वरच असते.

संस्कृतात या दोन पद्धती एकमेकांत मिसळल्या होत्या. दक्षिण म्हणजे एक दिशा आणि दक्षिण म्हणजे उजवासुद्धा, कारण उगवतीला तोंड करून उभे राहिलेल्या माणसाचा उजवा हात दक्षिणेला येतो. माणूस वळला की हात वळतो, दिशा मात्र तिथेच राहते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर असा गोंधळ परवडणारा नाही.

याचा संबंध मोबाइलवर आपला रिपोर्ट उघडून पाहणाऱ्या कोणाशीही येतो. छातीच्या एक्स-रेमध्ये रुग्ण पाहणाऱ्याच्या समोर उभा असल्यासारखा दिसतो, म्हणून रुग्णाची डावी बाजू फिल्मच्या उजवीकडे येते. सीटी स्कॅनचे आडवे छेद रुग्णाच्या पायांकडून डोक्याकडे पाहावे तसे दाखवतात. तिथेही डावे-उजवे उलटे दिसते. सेल्फी कॅमेऱ्याच्या आरशासारख्या चित्राची सवय झालेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवलेले बरे. चुकीच्या बाजूवर शस्त्रक्रिया होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या तपासणी यादीत भूल देण्याआधीच शस्त्रक्रियेची जागा खूण करून ठेवली आहे का, हे विचारलेले असते.

आणि एक गोष्ट. अ‍ॅनाटॉमीत सुपीरियर म्हणजे श्रेष्ठ नव्हे आणि इन्फिरियर म्हणजे हलका नव्हे. फक्त वर आणि खाली. हे सांगण्याची गरज का पडावी, ते बर्लिनमध्ये कळते.

ब्रह्मदेशातून पुण्यात, पुण्यातून बर्लिनला

इरावती यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या म्यिंग्यान इथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापूस कंपनीत इंजिनीअर होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवण्यात आले. पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी ती वाढली. पुस्तकांनी भरलेले, देव न मानणारे, वाद घालणारे ते घर होते.

१९२६ मध्ये त्या तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात पदव्युत्तर संशोधन केले. विषय होता चित्पावन ब्राह्मण. याच सुमारास त्यांचे लग्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी झाले.

१९२८ मध्ये त्या जर्मनीला निघाल्या. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केली होती आणि पत्नीने तिथेच शिकावे असा त्यांचा आग्रह होता. विधवांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी हयात घालवलेल्या महर्षी कर्व्यांना मात्र सुनेचे हे परदेशी जाणे पसंत नव्हते. समाजसुधारकांच्या घरातही सुधारणेची हद्द कुठेतरी ठरलेली असते, ती इथे दिसते. पैशांची सोय डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून घेतलेल्या कर्जातून झाली. हेच मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

कवटीत नेमके काय शोधायचे होते?

बर्लिनच्या दालेम भागात १९२७ मध्ये कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन संस्था सुरू झाली होती. प्रमुख होते ऑयगेन फिशर. हे साधे प्राध्यापक नव्हते. १९०८ मध्ये जर्मन वसाहत असलेल्या नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, त्यांनी मिश्र वंशाच्या रेहोबोथ लोकांचा अभ्यास केला होता आणि १९१३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले होते. वंशांची सरमिसळ घातक असते हा त्यांचा निष्कर्ष पुढे नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणाला उपयोगी पडला. १९३३ मध्ये ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्याच संस्थेत त्यांच्यानंतर प्रमुख झालेल्या फेर्शूअर यांना ऑशविट्झच्या छळछावणीतून योझेफ मेंगेले नमुने पाठवत असे. इरावती तिथे होत्या तेव्हा हे सगळे पुढे घडायचे होते, पण विचाराची दिशा ठरलेली होती.

फिशर यांनी त्यांना दिलेला विषय वरवर निरुपद्रवी वाटतो: कवटीची असममिती. माणसाचे शरीर बाहेरून दोन सारख्या अर्ध्यांचे दिसते, तरी कोणाचीही कवटी तंतोतंत सारखी नसते. एका बाजूचा फुगवटा थोडा अधिक, दुसऱ्या बाजूचा कमी. संस्थेतली धारणा अशी होती की गोऱ्या युरोपीयांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, तो सामावण्यासाठी त्यांची कवटी अधिक असममित असते आणि हेच त्यांच्या जास्त बुद्धीचे लक्षण. थोडक्यात, उजवा-पुढचा या दोन साध्या दिशादर्शक शब्दांवर वंशांची उतरंड उभी करायची होती.

असे काम करताना सगळ्यात अवघड भाग मोजण्याच्या आधीच येतो. सुटी कवटी टेबलावर ठेवली की ती डगमगते, कलते. जराशी कलली तरी पुढे-मागे आणि वर-खाली बदलते. म्हणून १८८४ मध्ये फ्रँकफर्टला मानववंशशास्त्रज्ञांनी एक पातळी ठरवली: कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत आणायची. कवटी तशी बसवली की समोर पाहणाऱ्या उभ्या माणसाच्या डोक्यासारखी होते. आजही दाताचे डॉक्टर जबड्याचा एक्स-रे काढताना ही पातळी वापरतात.

त्यानंतर मध्यरेषेचा प्रश्न. डावे आणि उजवे किती वेगळे आहे हे सांगायचे तर आधी मध्य कुठे आहे ते ठरले पाहिजे. पण कवटी मुळातच वाकडी असेल तर मध्य कसा काढणार? मध्यरेषा थोडी उजवीकडे धरली की डावी बाजू आपोआप मोठी निघते. मोजणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच असेल तर ते तो इथेच घुसवू शकतो, आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

इरावतींनी १४९ कवट्या तपासल्या. त्यांत युरोपीय होत्या आणि युरोपाबाहेरच्याही. अशा संग्रहांतल्या अनेक कवट्या वसाहतींतून, तिथल्या लोकांच्या संमतीशिवाय आणलेल्या असत. जेमतेम २३-२४ वर्षांची, परक्या भाषेत शिकणारी, कर्ज काढून आलेली विद्यार्थिनी, आणि समोर मार्गदर्शकाचे आवडते गृहीतक. ते खरे ठरवणारे आकडे दिले असते तर सगळेच सोपे झाले असते.

आकड्यांनी तसे सांगितले नाही. असममिती होती, पण ती वंशाप्रमाणे बदलत नव्हती. युरोपीय आणि बिगर-युरोपीय असा भेद तिच्यातून निघत नव्हता. इरावतींनी तेच लिहिले. प्रबंधाच्या शीर्षकातला शब्द बोलका आहे: माणसाच्या कवटीची सर्वसाधारण असममिती. म्हणजे सगळ्यांत आढळणारी. पदवी मिळाली, फिशर यांनी श्रेणी मात्र खालची दिली. प्रबंध १९३१ मध्ये जर्मनीत छापला गेला. तोवर त्या भारतात परतल्या होत्या.

आजच्या मेंदूविज्ञानालाही ही असममिती ठाऊक आहे. बहुतेक माणसांच्या मेंदूला हलकासा पीळ असतो. उजवा अर्धगोल समोर किंचित पुढे आणि डावा अर्धगोल मागे किंचित मागे सरकलेला असतो. मात्र कोणाला श्रेष्ठ ठरवण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही.

मोजपट्टी घेऊन महाराष्ट्रात

परतल्यावर काही वर्षे त्यांनी मुंबईत महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले तेव्हा त्या तिथे रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक.

डेक्कन कॉलेजात त्यांचे सहकारी होते पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया. १९४४ मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या लांघणज इथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले, त्या मोहिमेत इरावती होत्या. गुडघे दुमडून पुरलेल्या या माणसांच्या हाडांचा अहवाल त्यांनी मुंबईचे शरीररचनातज्ज्ञ डॉ. जी. एम. कुरुलकर यांच्याबरोबर लिहिला. पुरातत्त्वज्ञाला हाड कुठे सापडले ते कळते. ते कोणते, डाव्या बाजूचे की उजव्या, हे सांगायला शरीररचना लागते.

जिवंत माणसांची मापेही त्या घेतच राहिल्या. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या समाजगटांच्या शरीरमापनाचे त्यांचे काम वि. म. दांडेकर यांच्याबरोबर १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे एक प्रश्न अटळ आहे आणि अलीकडच्या अभ्यासकांनी तो विचारलाही आहे. फिशर यांचे उत्तर नाकारणाऱ्या इरावतींनी फिशर यांचीच मोजपट्टी भारतात का आणली? जात आणि शरीर यांचा संबंध मापांतून लावता येईल ही कल्पना त्या पूर्णपणे सोडू शकल्या नाहीत, हे मान्य करावे लागेल. नाक-डोक्याच्या मापांवरून समाज समजून घेण्याची ती पद्धत आज विज्ञानात टिकलेली नाही.

पण त्या मापांतून त्यांनी काढलेला निष्कर्ष फिशर यांच्या पठडीतला नव्हता. एकच नाव आणि एकच धंदा सांगणाऱ्या जाती प्रत्यक्षात वेगवेगळ्या गटांच्या आहेत, एका जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या असे सरसकट म्हणता येत नाही, असे त्यांनी मांडले. हे त्यांचे गुरू घुर्ये यांच्या मताच्या विरुद्ध होते. १९६१ च्या ‘हिंदू सोसायटी’ या पुस्तकात हा विचार विस्ताराने आहे. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या सारख्याच दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. मराठीत वरची जात आणि खालची जात असे सर्रास म्हटले जाते. शरीराच्या मापांत असले वर-खाली सापडत नव्हते.

प्रवरेकाठचे सांगाडे काय सांगतात?

अहिल्यानगर जिल्हा या गोष्टीत इथे येतो. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले, आणि महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले. नंतर १९५४ पासून डेक्कन कॉलेजने नेवाशाला खोदकाम केले. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाच्या मातीखाली तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली. श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद हे याच काळातले आणखी एक मोठे ठिकाण. ते प्रवरेच्या डाव्या तीरावर आहे असे पुरातत्त्वाची पुस्तके सांगतात. तिथेही डावे-उजवे नदीचेच.

या लोकांची मेलेल्यांना पुरण्याची रीत ठरलेली होती. लहान मुलांना घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत पुरत. नेवाशाच्या एका बालदफनात तांब्याच्या मण्यांची माळही मिळाली. मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणे, डोके उत्तरेकडे करून ठेवत. आणि त्यांचे पाय घोट्याच्या वरून तोडलेले असत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला हे ठळकपणे दिसले. मेलेल्याने परत येऊ नये म्हणून असे करत असावेत असा तर्क आहे.

हेच वर्णन शास्त्राच्या भाषेत लिहिताना दोन्ही प्रकारच्या दिशा लागतात. डोके उत्तरेला, ही जमिनीची दिशा. नडगीच्या हाडाचे डिस्टल टोक तुटलेले, ही शरीराची दिशा. सांगाडा कोणीही, कुठल्याही बाजूने पाहिला तरी दुसरे वाक्य बदलत नाही.

मडक्यातल्या मुलाची गोष्ट आणखी कठीण. तिथे सांगाडा म्हणण्यासारखे काही उरत नाही, हाडे एकमेकांवर कोसळलेली असतात. समजा गळ्याजवळचे हसळीचे हाड हाती आले. त्याचे जाड, गोलसर टोक मीडियल म्हणजे छातीच्या मधल्या हाडाकडचे. चपटे टोक लॅटरल म्हणजे खांद्याकडचे. गुळगुळीत पृष्ठभाग वरचा, खडबडीत खालचा. जाड टोकाजवळचा फुगीर बाक पुढच्या बाजूचा. हे तिन्ही जुळवले की हाड डाव्या बाजूचे की उजव्या हे नक्की होते. मडक्यात दोन डावी हसळी निघाली तर त्यात दोन मुले होती, एवढे त्यावरून कळते.

नेवाशाच्या मानवी अवशेषांचा सविस्तर अभ्यास केनेथ केनेडी आणि इरावतींचे सहकारी मल्होत्रा यांनी केला. तो डेक्कन कॉलेजने १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर इरावती सगळीकडे पोहोचल्या होत्या. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ या लेखसंग्रहांनी मराठी ललित निबंधाला नवे वळण दिले होते, भारतातल्या नातेसंबंधांवरचे त्यांचे १९५३ चे इंग्रजी पुस्तक अभ्यासकांसाठी आधार बनले होते. १९६७ मध्ये ‘युगान्त’ आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात त्यांनी महाभारतातल्या माणसांना देवत्वाच्या चौथऱ्यावरून खाली उतरवून माणसे म्हणूनच पाहिले. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांचा अभ्यासही याच शेवटच्या वर्षांतला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

बर्लिनमध्ये त्या संस्थेची इमारत अजून उभी आहे. आता ती तिथल्या फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. २०१४ मध्ये शेजारी खोदकाम चालू असताना माणसांची हाडे निघाली. नंतरच्या शोधात सुमारे १६ हजार तुकडे गोळा झाले. ती नेमकी कोणाची, कुठल्या लोकांची, हे शोधण्यासाठी आणखी चाचण्या करता आल्या असत्या. पण ज्यांचे पूर्वज त्यांत असू शकतात अशा समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून विद्यापीठाने ते टाळले. वंशानुसार वेगळे करण्याचे जुने काम पुन्हा करायचे नाही, असे ठरले. मार्च २०२३ मध्ये ही सगळी हाडे बर्लिनच्या एका दफनभूमीत एकत्र पुरण्यात आली.